कुंपणावरची पहिलटकरीण

पोटुशी बाई घरात असली की कोल्हापुरात स्वयंपाकघराचा कारभार तिच्या जिभेवर चालतो. तिला आंबट हवं तर चिंचेचं सार, तिखट हवं तर भर संध्याकाळी मिसळ. शेजारणी डब्यातून काहीबाही आणून देतात. चोरचोळी होते, सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ताटात मावणार नाहीत इतके पदार्थ मांडले जातात. त्यातले चार घास तिनं खाल्ले तरी करणारीला बरं वाटतं. ‘दोन जिवांची आहे, उपाशी ठेवू नका’ हे मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं, एसटी स्टँडवर अनोळखी बाईच्या तोंडूनही ऐकलं. ही ओढ माणसापाशी थांबतही नाही. गाभण म्हशीला पेंडीचा जादा वाटा निघतो. व्यायला झालेली मांजर परसात दिसली की कुणीतरी वाटीत दूध ठेवतंच.

मला तीच ओढ सरड्याच्या एका मादीसाठी लागली, आणि तिच्यापायी खाऊ घालणं म्हणजे काय याचा मी नव्यानं विचार करू लागले.

हातकणंगले तालुक्यात आळत्याच्या बाजूला, रामलिंगच्या डोंगरापासून जवळच, आमचं थोडं रान आहे. गगनबावडा-राधानगरीकडे कोसळणारा पाऊस इथवर येईतो पार ओसरलेला असतो. नदीकाठ सोडला तर या भागाचं मूळ रूप माळाचं आणि झुडपांचं. आमच्या बांधावर निर्गुडी आहे, तरवड आहे, एक जुनी बोर आहे, घाणेरी तर कुणी न लावताच पसरली आहे. सासऱ्यांनी हे कुंपण कधी तोडलं नाही, आम्हीही ठेवलं. त्या कुंपणावर सरडगुहिरे राहतात. कुणी त्यांना घोयरा म्हणतं, शहरातली मुलं शॅमेलिऑन म्हणतात. जगात यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, त्यातल्या निम्म्याच्या आसपास एकट्या मादागास्कर बेटावर. भारताच्या वाट्याला एकच आली, ‘कॅमेलिओ झेलॅनिकस’. गंगेच्या दक्षिणेच्या कोरड्या झुडपी मुलखात आणि श्रीलंकेत ती आढळते. रामलिंगच्या आसपासचे माळ तिच्या सोयीचेच.

पावसाळा उतरणीला लागला तशी निर्गुडीवर एक मादी वरचेवर दिसायला लागली. अंगानं अजून लहान होती, पुऱ्या वाढलेल्या मादीच्या मानानं बरीच लहान. म्हणून पहिलटकरीण असावी असा माझा अंदाज. पोट मात्र दोन्ही अंगांनी भरलेलं. उन्हाला आडवी बसली की कातडीखाली गोल उठाव दिसायचे, भरल्या भुईमुगाच्या शेंगेवर दिसतात तसे. हिरव्या अंगावर पिवळट पट्टे, आणि मी फार जवळ गेले की त्यांवर काळपट ठिपके उमटायचे. ते ठिपके म्हणजे ‘मागे हो’ हे मला कुणी सांगावं लागलं नाही. हा प्राणी मागच्या पानाचा रंग बघून आपला रंग बदलतो असं आपण शाळेपासून ऐकतो. खरं तर ऊन, थंडी, भीती, राग, मीलनाची तयारी किंवा तिचा नकार, हे सगळं त्याच्या कातडीवर उमटत असतं. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की मादागास्करच्या एका जातीत कातडीच्या पेशींमधले ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जवळ-लांब होतात आणि त्यामुळे परत फिरणारा प्रकाशच बदलतो. म्हणजे तिच्या मनातलं तिच्या अंगावर वाचता येतं, वाचणाऱ्यानं दोन पावलं मागं राहावं एवढंच.

शेजारच्या रानातल्या आक्का भांगलायला आल्या होत्या. मी कुंपणाशी का उभी आहे ते बघायला आल्या आणि ती दिसताच खुरपं घट्ट धरून मागं सरकल्या.

“वैनी, लांब व्हा. इषारी असतंय ते. फुंकलं तर अंगावर चट्टं उठत्यात. काठीनं पाडा त्येला खाली.”

“आक्का, पोटुशी आहे ती.”

“व्हय?” आक्का पुन्हा पुढं आल्या. वाकून तिच्या पोटाकडे बघत राहिल्या. “व्हय की. लई अवघडलीया बाय. मग ऱ्हाऊ द्या. पण हात लावू नगासा.”

पिढ्यान्‌पिढ्यांची भीती एका क्षणात बाजूला पडलेली मी बघितली. सरडगुहिऱ्यात कसलंही विष नसतं. धरला तर तो फुसकारतो, तोंड उघडून चावायलाही बघतो, पण त्या चाव्यानं काही होत नाही. तरी आपल्या भागात त्याला दिसेल तिथं दगड बसतो. पंचांगात पल्लीपतन आणि सरठारोहणाची फळं छापलेली असतात, अंगावर कुठं पाल पडली नि कुठं सरडा चढला तर काय होईल ते. भागवताच्या दहाव्या स्कंधातला नृग राजा दानातल्या एका गायीच्या घोटाळ्यामुळे सरडा होऊन विहिरीत पडतो आणि श्रीकृष्णाच्या हातानं वर निघतो. ती गोष्ट मला लहानपणापासून आवडते. त्यात यादवांची मुलं विहिरीतल्या सरड्याला बघून दगड मारत नाहीत, दोर लावून त्याला वर काढायची खटपट करतात. गावोगावच्या मुलांना ही गोष्ट एवढ्याचसाठी सांगावी असं मला वाटतं.

आता खाण्याचं. सकाळी ऊन निर्गुडीवर चढायला लागलं की ती बाहेरच्या फांदीवर यायची. आधी अंग शेकायची. तिचे दोन्ही डोळे दोन दिशांना फिरत असतात, एक माझ्यावर, एक पानांत. भक्ष्य दिसलं की दोन्ही डोळे एका रेषेत येतात, आणि ते आले की समजावं. एका सकाळी तिच्यापासून वीतभराहून जास्त अंतरावर, तरवडाच्या काडीवर मध्यम आकाराचा नाकतोडा बसला होता. ती पुढं सरकली. हातापायांची बोटं फांदीला दोन्ही बाजूंनी आवळलेली, एक पाऊल उचललेलं, अंग मागं-पुढं डोलणारं, वाऱ्यानं हललेलं पान वाटावं असं. मग तोंड थोडं उघडलं, जिभेचं जाड टोक ओठांच्या मधे आलं आणि तिथंच थबकलं. पुढचं माझ्या डोळ्यांनी पकडलंच नाही. काडीवरचा नाकतोडा नाहीसा झाला आणि तिच्या तोंडातून एक लांब तंगडी बाहेर राहिली. ती तंगडी हळूहळू आत जाईपर्यंत ती चावत होती. दोन डोळे पुन्हा दोन वाटांनी फिरायला लागले होते.

या जिभेचा अभ्यास करणाऱ्यांनी जे शोधून काढलं आहे ते ऐकून मी थक्क झाले होते. जीभ अंगाहून लांब जाते. तिच्या आत कोलॅजनची आवरणं असतात, ती स्नायू आधी ताणून ठेवतो आणि मग सोडतो. म्हणजे फेकीचा जोर साठवलेला असतो. म्हणूनच गारठ्यातही ती चालते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यमनी शॅमेलिऑनच्या जिभा १५ अंशांपासून ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात तपासल्या होत्या. थंडीत जिभेची फेक फारशी मंदावत नाही, ती परत ओढण्याचा वेग मात्र चांगलाच उतरतो. २०१६ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी टोकावरची लाळ मोजली. ती माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट दाट निघाली. इतर सरडे ऊन लागून तरतरीत होण्याआधी, दवानं जडावलेला किडा उडण्याआधी, हिचा पहिला घास झालेला असू शकतो. पोट अंड्यांनी भरलेलं असताना सकाळच्या त्या घासाची किंमत मोठी.

तिला बघताना माझ्या हातांना चैन पडेना. गवतात नाकतोडे पायाखाली उडत होते. दोन-चार धरून तिच्यापुढं धरावेत, निदान फांदीवर ठेवावेत, असं फार वाटायचं. पण तिच्या अंगावरचे काळे ठिपके ‘नको’ म्हणत होते. माणूस हातभर अंतरावर आला की ती शिकार सोडते, फांदीच्या मागच्या बाजूला सरकते, अंग चपटं करून पानाआड जाते. म्हणजे मी एक नाकतोडा द्यायला जाणार आणि तिची सकाळ खाणार. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण या प्राण्याला आहे. धरणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. हे मला फार योग्य वाटतं, आणि कारण कायद्यापेक्षा तिच्या पोटातच आहे.

ते कारण कोल्हापुरातल्या एका ओळखीच्या घरी मला कळलं. तिथल्या मुलानं यमनी शॅमेलिऑनची मादी पाळली आहे. या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते, तीही त्यानं केली आहे. मुलगा जिवापाड करतो. मी गेले तेव्हा ती मादीही अंड्यांवर आलेली होती, आणि विशेष म्हणजे नर कधी जवळ आलाच नव्हता. या जातीच्या माद्या नराशिवायही अंडी घालतात, ती फुटत नाहीत एवढंच. त्यानं एका डब्यात रातकिडे घेतले, त्यावर चिमूटभर पांढरी पूड टाकली, झाकण लावून डबा हलवला. पीठ लावल्यासारखे पांढरेफेक झालेले रातकिडे मग पिंजऱ्यात गेले. पूड होती कॅल्शियमची. किड्यांच्या अंगात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच थोडं असतं. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट लागतं. ते कमी पडलं की मादी स्वतःच्या हाडांतून काढून देते. अंडी बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियम लागतंच. ते आटलं की अंडी पोटात अडतात आणि मादी दगावते. रातकिड्यांना आदल्या दिवशी हिरवा पाला, गाजर, भोपळा खाऊ घालायचा, म्हणजे त्यांच्या पोटातलं हिच्या पोटात जातं. वर अतिनील किरणांचा खास दिवा, कारण त्याशिवाय अंगात ड-जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसलं तर दिलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. पिंजऱ्यात ओलसर वाळू-मातीची फूटभर खोल पेटी, तिला उकरायला. ती नसली तरी अंडी अडतात, कारण योग्य जागा मिळेपर्यंत मादी अंडी सोडत नाही.

हे सगळं मला समजण्यासारखं होतं. पण त्यानं पुढं जे सांगितलं त्याचा मी बराच विचार केला. “काकू, सगळ्यात अवघड म्हणजे कमी देणं. मागेल तेवढं दिलं की अंडी जास्त धरतात. मग साठ-सत्तर अंडीसुद्धा येतात. आणि मादी लवकर जाते.” जगभरच्या पाळणाऱ्यांचा हा अनुभव आहे. माद्यांना वाढत्या वयात पोटभर चारलं, पिंजरा जास्त ऊबदार ठेवला की अंग पुरतं वाढायच्या आत त्या अंड्यांवर येतात, ढीगभर अंडी घालतात आणि त्यातच झिजतात. बेतानं चारलेल्या, किंचित गार ठेवलेल्या मादीला थोडी अंडी होतात आणि ती अधिक वर्षं जगते. रानात हे सगळं आपोआप जुळलेलं असतं. घास मिळवायला ती चालते, चढते, वाट बघते, कधी चुकते. ढगाळ दिवशी ती जवळपास उपाशीच असते. पोटात किती अंडी पेलवतील याचा हिशोब तो ऋतू करतो. पिंजऱ्यात तो हिशोब माणसाच्या अंगावर येतो. ऊन, पाऊस, माती, भूक, सगळंच एका मुलाला एका दिव्यातून आणि डब्यातून पुरवावं लागतं. तो ते मनापासून करतो. माझ्या बांधावरच्या मादीला त्यातलं काहीच माझ्याकडून नको होतं.

मग मी तिचं ताट जरा नीट बघायला लागले. पाळीव मादीच्या किड्यांना आदल्या दिवशी पाला चारावा लागतो. हिचे नाकतोडे तर जन्मापासून पाल्यावरच. कुर्डू, टाकळा, रानतुळस, तांदुळजा, बांधावरचं मारवेल गवत, काय काय त्यांच्या पोटात. निर्गुडीच्या निळ्या फुलांवर मधमाश्या आणि माश्या, एरंडाच्या पानावर अळ्या, घाणेरीवर फुलपाखरं. आश्विनाच्या आसपास गवत पुरतं वाढलेलं असतं आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला अंड्यातून आलेले नाकतोडे आता पूर्ण वाढलेले असतात. तिच्या पोटात अंडी वाढण्याचा काळ आणि रानात किडे सर्वांत गरगरीत असण्याचा काळ एकच. उन्हाचंही तसंच. मादागास्करच्या एका जातीवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की खाण्यातून ड-जीवनसत्त्व कमी मिळालं तर शॅमेलिऑन आपण होऊन जास्त वेळ अतिनील किरणांत बसतात, पुरेसं मिळालं तर सावलीत जातात. आपल्याला किती ऊन हवं हे त्यांना आतून कळतं. मात्र बसायला उन्हाची फांदी आणि सरकायला सावलीची फांदी दोन्ही हवीत. कुंपण दाट आणि उंच-सखल असलं की ते मिळतं.

आणि कॅल्शियम एवढं का? पक्ष्यांच्या अंड्याला टणक कवच असतं, या अंड्यांचं कवच चामड्यासारखं मऊ. तेव्हा कॅल्शियम कमी लागत असेल असं मला वाटे. पण पिल्लाचं हाड बनायला लागणारं बहुतेक कॅल्शियम आई आधीच बलकात भरून ठेवते. अंडं मातीत गेल्यावर तिचं काम संपतं, परत येऊन ती काही देऊ शकत नाही. म्हणून आत्ताच, या थोड्या आठवड्यांत, तिला पुढच्या सगळ्याची बेगमी करायची असते. दहा-वीस, कधी तीसपर्यंत पिल्लांच्या हाडांची.

हे कळल्यावर आजूबाजूच्या बांधांकडे बघवेना. आमच्या भागात बांध कोरण्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात. प्रत्येक वर्षी नांगराचं एक तास बांधात घुसतं. जे उरतं त्यावर तणनाशक मारलं जातं, कारण बांधावर गवत असणं म्हणजे आळशी शेतकऱ्याची खूण, असं लोकांना वाटतं. निर्गुडी-तरवड जेसीबीनं एका दुपारी निघतात आणि त्यांच्या जागी सिमेंटचे खांब आणि तार येते. तारेवर नाकतोडा जन्मत नाही. सोयाबीनवर फवारणी झाली की विषारलेले किडे सुस्त होऊन बांधाकडे पडतात, आणि सुस्त किडा धरणं सर्वांत सोपं. अवघडलेल्या मादीला तोच आधी दिसणार. मी कुणा शेतकऱ्याला दोष देत नाही. सोयाबीनचा भाव आणि औषधाचं बिल दोन्ही मी घरात बघते. पण दोन हात रुंद बांध आणि त्याला लागून चार सऱ्या बिनफवारणीच्या ठेवणं कुणालाही परवडण्यासारखं आहे. यात मी ठाम आहे. सरडगुहिऱ्याला खाऊ घालायचा एवढा एकच रस्ता माणसाच्या हातात आहे, आणि तोच आपण बंद करत चाललो आहोत.

परतीचा पाऊस दोन-तीनदा जोरात झाला. त्यानंतर तिनं खाणं सोडलं. शेजारून माशी गेली तरी डोळे जुळत नव्हते. फांदी बदलत होती, खाली उतरत होती, पुन्हा चढत होती. पाळणारा मुलगा म्हणाला होता, अंडी घालायच्या आधी काही दिवस माद्या खात नाहीत. अंड्यांनी पोटात जागाच उरत नाही, आणि सगळं लक्ष जमिनीकडे लागतं. इथं आपल्याकडची बाई असती तर घरातल्या सगळ्यांनी मिळून तिला एक तरी घास भरवला असता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं आपण म्हणतो, आणि वर्षभर ते खरंही असतं. पण या दिवसांत तिला कुंपण सोडून मोकळ्या जमिनीवर यावंच लागतं. तिची चाल झाडासाठी बनलेली, जमिनीवर ती डोलत, एकेक पाऊल तोलत चालते. मांजर, कुत्रं, मुंगूस, भारद्वाज, सगळ्यांच्या नजरेत. रस्ता आडवा आला तर चाकाखाली जाणाऱ्यांत अशा पोटुश्या माद्या फार. आम्ही त्या दिवसांत आमचा कुत्रा बांधून ठेवला आणि मोटारसायकल फाट्यावरच लावायला लागलो.

तिनं पाटाच्या कडेची जागा निवडली. तिथं मुरूम आणि माती मिसळलेली, पाण्याचा झिरप असल्यानं आतून ओल. आधी एका ठिकाणी थोडं उकरून सोडलं, मग हातभर अंतरावर पुन्हा सुरुवात केली. मी बोरीच्या मागून दुर्बिणीनं बघत होते. झाडाच्या फांदीला चिमट्यात धरण्यासाठी बनलेले ते पंजे, त्यांनी ती माती ओरबाडत होती. डोकं आत, पुढचे पाय माती मागं ढकलणारे, मधूनच थांबून एक डोळा वर आभाळाकडे. घारीची सावली पडली तेव्हा तशीच निश्चल राहिली. अंग मातीच्या रंगाचं झालं होतं. सकाळी सुरू केलेलं काम उन्हं उतरेपर्यंत चाललं. बिळात पूर्ण दिसेनाशी झाली, मग आतल्या आत वळली आणि तोंड बाहेर करून बसली. तेवढा वेळ डोळे अर्धे मिटलेले. मग माती आत लोटायला लागली, पायांनी दाबून दाबून, वर पालापाचोळा ओढून. ती हलली तेव्हा जागा ओळखू येत नव्हती. कुशी आत गेलेल्या, बरगड्यांची रेष दिसणारी, कातडी ढिली पडलेली. चार पावलं टाकून थांबत होती. निर्गुडीच्या बुडाशी पोचायला तिला फार वेळ लागला.

तेव्हा मात्र मी काहीतरी केलं. शॅमेलिऑन भांड्यातलं पाणी पीत नाहीत. पानावर थेंब असेल तर जीभ लावून पितात. फवारणीच्या पंपाला औषधाचा वास असतो म्हणून तो नको, नवी बाटली आणली, तिला बारीक भोकाचं टोपण बसवलं आणि तिच्या वरच्या फांद्यांवर लांबून विहिरीचं पाणी शिंपडलं. थोड्या वेळानं ती पानाच्या टोकाशी आली आणि थेंब घेत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली माशी पकडली. मादागास्करच्या ‘लॅबोर्डी’ जातीत अंडी घातल्यावर असं पुन्हा उभं राहणं सहसा होत नाही. २००८ मध्ये त्या जातीच्या आयुष्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा प्राणिशास्त्रज्ञही हळहळले असतील. अंड्यात आठ-नऊ महिने, बाहेर जेमतेम चार-पाच महिने, आणि अंडी घालून झाली की जवळपास सगळी पिढीच संपते. पुढचे काही महिने ती जात मुख्यतः मातीतल्या अंड्यांच्या रूपानं जिवंत असते. आपल्याकडच्या मादीला तेवढी कठोर अट नाही. तिनं पुन्हा खायला सुरुवात केली ती सावकाश, आधी लहान किडे, मग मोठे. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत तिच्या कुशी पुन्हा भरल्या.

अंडी आता पाटाच्या कडेला आहेत आणि ती तिथं महिनोन्‌महिने राहतील. मऊ कवचातून मातीतली ओल शोषत ती फुगतात, म्हणून माती अगदी कोरडी पडूनही चालत नाही आणि पाण्यात बुडूनही नाही. इथंच आमची परीक्षा आहे, कारण गळीत हंगाम सुरू झाला आहे. ऊस तुटला की पाचट पेटवायची घाई होते, खोडव्याला पाणी सोडायची घाई होते, ट्रॅक्टर बांधाला खेटून वळतो. आम्ही पाटाच्या त्या कोपऱ्याभोवती मोठे दगड रचले आहेत. ट्रॅक्टरवाल्याला जागा दाखवली. पाचट जाळायचं नाही, सरीतच कुजवायचं, हे ठरलंच होतं, आता त्याला आणखी एक कारण मिळालं. पाण्याची पाळी त्या बाजूला अर्ध्यावर मोडायची. सरडगुहिरा रस्त्यात, घरात, विहिरीत सापडला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर सांगा, हे फाट्यावरच्या दुकानात लिहून लावलं आहे.

ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या बाया दगडांचं रिंगण बघून विचारतात, इथं कसलं ठाणं आहे? आक्का त्यांना उत्तर देतात. आत सरडीची अंडी हायती, ती इषारी नसती, आणि ती किडं खाती म्हणून आमच्या भुईमुगाला बरं. शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं आहे, मी शिकवलेलं नाही. त्यांच्या बाजूचा बांध गेल्या वर्षी तणनाशकानं जळला तो अजून मोकळाच आहे. तरवडाच्या वाळक्या शेंगा त्यांनी आत्ताच पिशवीत भरून ठेवल्या आहेत. निर्गुडीच्या फांद्या मृगाचा पहिला पाऊस झाला की माझ्याकडून न्यायच्या, आणि त्यांच्या बांधाची दोन हात रुंदी यंदा नांगराला सोडायची नाही, असं मुलाशी भांडून त्यांनी कबूल करून घेतलं आहे.